बाहुल्याचा आवाज कोणाचा?

पोरं मोबाइलवर कार्टून बघतायत म्हटलं की आपण निर्धास्तपणे भाकऱ्या थापायला बसतो. पण प्रत्येक कार्टून मुलांसाठी असतंच असं नाही. आज अशाच एका सिनेमाबद्दल बोलूया. ‘अकमेद सेव्हज अमेरिका’ हा २०१४ सालचा अमेरिकी विनोदी कार्टूनपट. त्याचा नायक मूळचा बोलका बाहुला आहे.

बोलका बाहुला म्हटलं की आपल्याला अर्धवटराव आठवतो. वाय. के. पाध्ये यांचा हा बाहुला त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी घराघरांत पोचवला. (लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससाही रामदास पाध्यांचाच बरं का!) या कलेला शब्दभ्रम म्हणतात. ओठ न हलवता बोलायचं. खरी पंचाईत होते ती प, ब, म या अक्षरांची, कारण ओठ मिटल्याशिवाय ती निघत नाहीत. मग कलाकार ‘ब’च्या जागी ‘द’सारखा, ‘म’च्या जागी ‘न’सारखा आवाज जिभेने काढतो. आपले डोळे बाहुल्याच्या हलत्या तोंडावर असतात, त्यामुळे कानही फसतात.

अमेरिकेतले जेफ डनहॅम हे असेच शब्दभ्रमकार. त्यांचा अकमेद म्हणजे पागोटं घातलेला, मोठाल्या डोळ्यांचा हाडांचा सापळा. बॉम्ब फोडायला गेलेला आणि स्वतःच मेलेला दहशतवादी! २००७च्या त्यांच्या कार्यक्रमानंतर तो जगभर गाजला. रंगमंचावर तो ठार मारण्याच्या धमक्या देतो आणि शेजारी बसलेले डनहॅम शांतपणे प्रश्न विचारून त्याची फजिती करतात. बढाई मारणाराही तेच, टोकणारेही तेच. माझ्या मते सगळी गंमत या जुगलबंदीत आहे.

सिनेमात मात्र शेजारचा माणूसच नाही. अकमेद एका अमेरिकी गावाचा नाश करायला येतो, त्याची स्मृती जाते आणि तिथलं आयुष्य त्याला आवडू लागतं. आवाज डनहॅम यांचाच आहे, पण चित्रात कोणाचे ओठ लपवायचे? कसब गेलं, नुसते विनोद उरले आणि तेही मोठ्यांचे. दहशतवाद्याची टर उडवायला माझी हरकत नाही. पण अकमेद म्हणजे आपल्याकडचा अहमदच. ज्या पोराने रंगमंचावरचा खेळ पाहिलेला नाही, त्याच्या डोक्यात नाव, पागोटं आणि बॉम्ब एवढंच एकत्र बसतं. आपल्या बचत गटात एकाच सतरंजीवर मुसलमान भगिनी हिशेबाला बसतात, त्यांची मुलं आपल्या मुलांच्या बाकावर बसतात. उद्या वर्गातल्या अहमदला कोणी या नावाने चिडवलं, तर घरी जाऊन तो आईला काय सांगेल?

म्हणून हा सिनेमा घरात लागला तर मुलांजवळ जरा बसा. ‘हा कोण? याला कोण बोलायला लावतं?’ असं विचारा. आणि शब्दभ्रमच दाखवायचा असेल तर अर्धवटराव आहेच. मग पोरांना आरशासमोर उभं करा आणि ओठ न मिटता ‘पापड’ म्हणायला सांगा.