पंधरा तारखेचा दिवस

पहाटे ५

आमच्या घरात गजर लावावा लागत नाही. हे एसटीत वाहक होते. निवृत्त झाले, तरी पाचला उठून चहाचं आधण ठेवतात. लग्न झालं तेव्हा यांची ड्यूटी बऱ्याचदा बामणोलीच्या मुक्कामी गाडीवर असायची. संध्याकाळी साताऱ्याहून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासवरून कोयनेच्या पाण्याकाठी गाडी लावायची, रात्री तिथंच झोपायचं आणि सकाळी शाळेची मुलं, दुधाच्या किटल्या, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं घेऊन परतायचं. चालक आणि वाहक मिळून स्टोव्हवर पिठलं-भात करत. तो हात अजून आहे, म्हणून दर महिन्याच्या १५ तारखेचा स्वयंपाक यांच्याकडे असतो.

मी पोस्टाच्या आरडीची एजंट आहे. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना हे या एजन्सीचं पूर्ण नाव. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडलेल्या खात्याचा पुढचा प्रत्येक हप्ता १५ तारखेपर्यंत भरावा लागतो; नंतर उघडलेल्याला महिनाअखेरपर्यंत सवड. चुकला तर शंभर रुपयांमागे एक रुपया दंड. रुपया लहान दिसतो, पण धुणीभांडी करून दोनशे रुपये बाजूला काढणाऱ्या बाईच्या हिशेबात तो लहान नसतो. म्हणून आज घाई.

सकाळी ७

मुलगा एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेला. सून लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, तिची साडेआठची वेळ. नातीच्या वेण्या माझ्याकडे. आमचं घर आधीपासून पाळ्यांवरच चाललं. यांची रात्र बाहेर, माझी सकाळ बालवाडीत शिकवण्यात, आणि दोन्ही पोरं सासूबाईंच्या कडेवर. पुढे सासूबाई पोरांना घेऊन बालवाडीतच येऊन बसू लागल्या आणि हळूहळू गोष्टी सांगायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. त्या शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, पण माकडाची आणि मगरीची गोष्ट त्यांनी सुरू केली की पोरं घरी जायला तयार नसत.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला, अनुताई वाघांना सोबत घेऊन, खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंनी शिकवायची वाट दाखवली. आम्हीही चिंचोके, शंख, बांगड्यांचे तुकडे, पिंपळाची पानं घेऊनच शिकवलं. दहा चिंचोक्यांची एक रास, अशा दहा राशींचे शंभर. आज एखादी आजी म्हणते, ‘‘ताई, पाच वर्षांनी किती होतील ते मला समजेल असं सांग,’’ तेव्हा मी तिच्यापुढे शेंगदाण्यांच्या राशी मांडते. तिला समजतं, आणि तिला समजल्याशिवाय मी अंगठा घेत नाही.

सकाळी १०

पिशवी, कार्डं, पावत्या. आधी मोती चौक, मग राजवाड्याच्या बाजूची दुकानं, मग पेठेतली घरं. कासाराच्या दुकानात त्याची बायको नोटांची घडी तयार ठेवते. शिंपीणबाईंचे पैसे शिवणाच्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये, रिळांच्या खाली. एकीचे रव्याच्या डब्यात. त्या नोटा घेताना हाताला रवा लागतो. कुणाचे पैसे कुठे असतात, कुणाच्या नवऱ्याला खातं माहीत आहे आणि कुणाच्या नाही, हे सगळं मला ठाऊक असतं आणि ते माझ्यापाशीच राहतं.

ही शिस्त मला एसटीडी बूथनं लावली. घराची रस्त्याकडची खोली आम्ही बूथला दिली होती. रात्री ११ नंतर दर पावपट व्हायचा आणि तेव्हाच गर्दी. जावळी-पाटणकडची कितीतरी माणसं मुंबईला माथाडी कामगार. अण्णासाहेब पाटील हे त्यांचे पुढारी आपल्याच जिल्ह्यातले, त्यांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. या माणसांच्या इथं साताऱ्यात राहणाऱ्या बायका पोरांना झोपवून फोनला यायच्या. पलीकडे शेजाऱ्याचा किंवा दुकानदाराचा फोन, माणसाला बोलावून आणेपर्यंत मीटर पळायचं. मग मी त्यांना युक्ती सांगितली : आधी एक छोटा फोन करून निरोप द्यायचा, ठेवायचा, आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावायचा. काचेच्या दारातूनही रडणं ऐकू येई, हसणंही. बाई बाहेर आली की मी बिल फाडून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी बाजारात भेटली तर फक्त भाजीचं बोलायची. मोबाइल आले, बूथ गेला. त्यातल्या बऱ्याच बायका मात्र आज माझ्या खातेदार आहेत.

दुपारी १२.३०

पोस्टात रांग. यादी काल रात्रीच ऑनलाइन भरून ठेवली होती. लग्नाआधी मी एका वकिलांकडे मराठी टायपिस्ट होते. अर्जाच्या पाच प्रती निघायच्या, मध्ये चार कार्बन. एक आकडा चुकला तर पाच ठिकाणी खोडायचं. त्यामुळे बोटं आकड्यावर पडण्याआधी डोळा दोनदा फिरतो. लांबलचक खातेक्रमांक मी पडद्याकडे न बघता भरते, तेव्हा नात शेजारी बसून टक लावून बघते.

खिडकीपलीकडच्या क्लार्कताई रजिस्टर त्यांच्या बाजूनं धरतात. मी इकडून, उलट्या बाजूनंच रक्कम वाचून सांगते. हे शिक्षण वडिलांच्या छापखान्यातलं. ते कंपोझिटर होते. शाळा सुटली की मी तिथं जायची. छापून झालेले खिळे धुऊन ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे. खिळ्यावर अक्षर उलटं, ओळही उलटी. ‘क’ला हाताळूनच ओळखायचं. सगळ्यांत जास्त झिजलेला खण काना-मात्रांचा. लग्नसराईत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ ही ओळ मोडतच नसत. जुळवलेली तशीच ठेवत आणि फक्त नावं बदलत. वडील सांगत, ‘‘माणसाचं नाव दोनदा तपास, बाकी चूक लोक माफ करतात.’’ आज प्रत्येक कार्डावरचं नाव मी दोनदा तपासते.

दुपारी २

पिठलं, भाकरी, ठेचा. यांनी कांदा बुक्कीनं फोडून ठेवलाय. जेवताना हे मला हिशेब विचारतात. सुट्ट्या पैशांचा माणूस, एकूण कानावर पडल्याशिवाय घास उतरत नाही. मुलं लहान असताना मुलगा डब्याच्या झाकणावर चमचा आपटून सगळ्या घराला तिकिटं फाडून द्यायचा आणि सासूबाई खरोखर सुटे पैसे काढून तिकीट घ्यायच्या.

दुपारी ४.३०

आज एका खातेदाराची पाच वर्षं पुरी झाली. ती शाळेत खिचडी शिजवते. पैसे तिच्या बचत खात्यात जमा झाले, ते पासबुकात उमटल्याचं दाखवायला मी तिच्याकडे गेले. तिनं आकड्यावर बोट ठेवलं, मग बोट उचलून पुन्हा ठेवलं. या पैशांत मुलीची नर्सिंगची पहिली फी भरायची आहे. मला आयुष्यात जी जी कामं मिळाली, त्यांतलं एकही वाया गेलं नाही असं मी म्हणते ते अशा वेळी. खिळ्यांनी डोळा दिला, कार्बननं काळजी, चिंचोक्यांनी समजावणं, बूथनं गुपित राखणं. हे चारही तिच्या पासबुकापाशी कामाला आले. आणि मी सकाळी बाहेर पडू शकले ती घरात कुणीतरी पोरं आणि चूल सांभाळली म्हणून. आधी सासूबाईंनी, आता यांनी.

रात्री ८.३०

हिशेब जुळला. सगळे ताटावर. नातीला दहा वर्षं पूर्ण झालीत, म्हणजे तिच्या स्वतःच्या नावानं, स्वतःच्या सहीनं आरडी उघडता येते. कमीत कमी महिना १०० रुपये. तिनं वहीचं एक पान सह्यांनी भरलं आणि मग विचारलं, ‘‘आजी, पण शंभर रुपये आणायचे कुठून?’’

आजोबांनी तिथल्या तिथे नेमणूक केली. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. रोज सकाळी शाळेआधी पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा, शब्द न गाळता. पगार दरमहा १००, सुट्टी फक्त रविवारी. सून म्हणाली, परीक्षेच्या दिवसांत रजा हवी. ती मंजूर झाली. मी माझी एकच अट घातली : पगार १५ तारखेच्या आत.