पत्तीचा चहा

आपल्या घरी चहा कसा करतात? पाणी, साखर आणि चहाची भुकटी एकत्र उकळायची. वर दूध घालायचे. भुकटीला हे चालते. पण दार्जिलिंगची पत्ती अशी उकळली, तर पैसे पाण्यात गेले म्हणून समजा! वास वाफेबरोबर उडून जातो आणि मागे तुरट पाणी उरते.

ही पत्ती तयार कशी होते? झुडपाच्या शेंड्याची दोन कोवळी पाने आणि एक कळी खुडतात. हे काम बहुतेक बायाच करतात. पाने रात्रभर पसरून ठेवतात. ती मऊ पडली की यंत्रात चुरगळतात. पानातल्या रसाला हवा लागते आणि हिरवे पान तांबूस होते. चिरलेले वांगे काळे पडते ना, तसेच. मग गरम हवेत वाळवतात. झाला काळा चहा. भुकटीचे पान यंत्रात बारीक चिरडलेले असते. म्हणून ती झटकन रंग सोडते. पत्ती सावकाश सोडते.

दार्जिलिंग हिमालयाच्या उतारावर आहे. तिथल्या मार्च-एप्रिलच्या पत्तीला फुलासारखा वास येतो. मे-जूनच्या पत्तीला पिकल्या द्राक्षाचा. आणि गंमत ऐका. या द्राक्षाच्या वासात तुडतुड्यांचा हात असतो! कपाशीवर तुडतुडे पडले की आपण डोक्याला हात लावतो. तिथे पानांचा रस त्यांनी थोडा शोषला, की वास खुलतो.

आसामचा चहा ब्रह्मपुत्रेकाठच्या सखल जमिनीतला. तांबडा, दाट, कडक. त्यात दूध खुशाल घाला. दार्जिलिंग मात्र आधी बिनदुधाचा पिऊन बघा.

आता करायची रीत. कपाला एक लहान चमचा पत्ती भांड्यात घ्या. वर कढत पाणी ओता, झाकण ठेवा. दार्जिलिंगला तीन मिनिटे, आसामला चार-पाच. लगेच गाळा. कडक हवा असेल तर पत्ती वाढवा, वेळ वाढवू नका. वेळ वाढला की चहा कडू होतो.

सुटी पत्ती घेताना जपा, बरं का. वापरलेली पत्ती वाळवून, रंग लावून विकणारेही असतात. पांढऱ्या टीपकागदावर थोडी पत्ती ठेवा. वर पाणी शिंपडा. रंगाचे ओघळ लगेच पसरले, तर ती पत्ती दुकानदाराला परत करा.