मापाची सायकल

मातीची भिंत घालताना चिखलात गवताच्या काड्या किंवा भाताचे तूस मिसळण्याची रीत फार जुनी आहे. नुसता चिखल वाळला की त्याला भेगा पडतात आणि नुसत्या काड्या उभ्या राहत नाहीत. दोहोंचा मेळ घातला म्हणजे भिंत टिकते. काडी ताण सोसते आणि माती काडीला जागच्या जागी धरून ठेवते. शर्यतीच्या अत्यंत हलक्या सायकलींचा सांगाडा ह्याच तत्त्वावर घडविला जातो. तेथे काडीच्या जागी कार्बनाचा तंतू असतो आणि मातीच्या जागी एपॉक्सी नावाची राळ असते.

हा तंतू इतका बारीक असतो की माणसाचा केस त्याच्या सुमारे दहापट जाड भरतो. तो तयार करताना एका कृत्रिम धाग्याला प्राणवायू नसलेल्या भट्टीत एक हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापवितात. प्राणवायूच्या अभावी धागा जळून जात नाही. त्यातील इतर द्रव्ये निघून जातात व बहुतांशी कार्बन तेवढा उरतो. कोळसा हाही कार्बनच, परंतु तो सहज फुटतो. तंतूमध्ये मात्र कार्बनाचे अणू लांबीच्या दिशेने शिस्तीने रचलेले असतात. म्हणून तो ओढ उत्तम सोसतो. असे बळकट तंतू 1958 साली अमेरिकेत रॉजर बेकन ह्या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत निर्माण केले. तंतू व राळ मिळून होणारा पदार्थ तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या सुमारे एक-पंचमांश वजनाचा असतो.

ह्या पदार्थाचा एक स्वभाव मात्र कारागिराला ओळखावा लागतो. बांबू आडवा मोडणे कठीण, पण कोयत्याने तो उभा सहज चिरता येतो. कार्बनाचेही तसेच आहे. त्याचे बळ तंतूंच्या दिशेने असते. म्हणून सांगाड्याच्या नळ्या करताना राळेत भिजविलेल्या तंतूंचे पातळ थर एकावर एक निरनिराळ्या दिशांनी बसवितात. नळीच्या लांबीला समांतर असलेले थर तिला वाकू देत नाहीत आणि तिरपे थर तिला पिळू देत नाहीत. जेथे जोर अधिक, तेथे थर अधिक. जेथे जोर कमी, तेथे ते कमी. सायकलीचा हलकेपणा मुख्यतः ह्या हिशेबातून येतो.

आता मापाकडे वळू. कारखान्यात सांगाडे साच्यातून काढतात. प्रत्येक आकारासाठी निराळा साचा लागतो व तो महाग असतो; म्हणून तयार सायकली मोजक्याच मापांत मिळतात. पण माणसे मोजक्याच मापांची नसतात. दोघांची उंची सारखी असूनही एकाचे पाय लांब असतात, तर दुसऱ्याचे धड लांब असते. ज्याला सहा-सहा तास सायकलीवर बसायचे आहे, त्याला हा फरक जाणवल्याशिवाय राहत नाही. सीट फार उंच असली तर कंबर डावी-उजवीकडे हेलकावते. फार खाली असली तर गुडघ्यांवर ताण येतो. हँडल दूर असले की मान व मनगटे दुखू लागतात.

म्हणून मापाची सायकल करणारा कारागीर शिंप्याप्रमाणे आधी माणूस मोजतो. स्वार अनवाणी भिंतीला टेकून उभा राहतो आणि जमिनीपासून जांघेपर्यंतचे अंतर मोजले जाते. त्या अंतराला 0.883 ने गुणले म्हणजे पायडलांच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची अंदाजाने मिळते. 80 सेंटिमीटर मापाला ती सुमारे 70.6 सेंटिमीटर येते. मग धड, हात व खांदे मोजून आणि स्वार किती वाकू शकतो हे पाहून ह्या अंदाजात दुरुस्ती केली जाते.

मापे ठरली की नळ्या कापतात. जेथे एक नळी दुसरीला भिडते, तेथे तिचे टोक कानशीने गोलाकार घासून तंतोतंत बसवितात. कापताना उडणारी धूळ फुप्फुसांस घातक असल्यामुळे तोंडावर मुखवटा बांधावाच लागतो. नंतर लोखंडी चौकटीत नळ्या अचूक कोनांत घट्ट धरून चिकटवितात, सांध्यांवर तंतूंचे थर गुंडाळतात, त्यांवर दाब देतात आणि उष्णतेने राळ पक्की करतात. असा सांगाडा एक किलोग्रॅमहूनही कमी वजनाचा होऊ शकतो.

एवढी हलकी वस्तू टिकेल काय, ही शंका एके काळी अनेकांना होती. तिची परीक्षा फ्रान्समधील पॅरिस–रूबे ह्या शर्यतीत झाली. अडीचशेहून अधिक किलोमीटरांच्या ह्या शर्यतीत सुमारे पन्नास किलोमीटर वाट ओबडधोबड दगडी फरसबंदीची असते. 1995 साली इटलीचा फ्रँको बालेरिनी मिलान शहराजवळील कांबियागो येथील कोलनागो कारखान्याची कार्बनची सायकल घेऊन त्या दगडांवर उतरला आणि शर्यत जिंकला. पुढच्याच वर्षी त्याच बनावटीच्या सायकलींवरून एकाच संघाच्या तीन स्वारांनी पहिले तीनही क्रमांक पटकाविले.

तथापि शंका फिटली म्हणून जबाबदारी संपत नाही. पोलादी नळी बहुधा तुटण्यापूर्वी वाकते व धन्याला सावध करते. कार्बनाची नळी आघाताने आतून तडकली, तर वरचा रंग तसाच राहतो आणि पुढे ती एकाएकी मोडू शकते. डोंगराच्या उतारावर वेगाने येणाऱ्या स्वाराचा जीव कारागिराने रंगाखाली झाकलेल्या सांध्यावर अवलंबून असतो. जागतिक सायकल संघटनेनेही शर्यतीच्या सायकलीचे वजन 6.8 किलोग्रॅमहून कमी नसावे, असा नियम 2000 सालापासून लागू केला आहे.

चांगला कारागीर म्हणूनच वजन कमी करताना दोन गोष्टी विचारात घेतो : कोठून काढावे आणि कोठून मुळीच काढू नये. पहिली गोष्ट सायकल तयार होताच तराजूवर दिसते. दुसरी कोणालाच दिसत नाही. परंतु स्वार सुखरूप घरी परततो तो तिच्यामुळेच.