नक्षीचे साधन आणि ठेक्याचा कारागीर



कबनूर आणि इचलकरंजी यांच्या शिवेवर उभे राहून कोणता माग कोणत्या गावचा हे नुसत्या आवाजावरून सांगणे कठीण आहे. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि त्या एका मागाची खडखड पुढे आसपासच्या गावांत पसरली. अशा ठिकाणी 'कापडाची नक्षी काढणारे संगणकी साधन ठेक्याने कसे करवून घ्यावे' हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. नक्षी चुकली की सूत, मजुरी आणि वीज ही तिन्ही वाया जातात आणि तो तोटा अखेर मागवाल्याच्याच माथी येतो.

चित्रे काढण्याची साधने बाजारात पुष्कळ आहेत. मग वेगळे कशाला, अशी शंका कोणीही घेईल. तिचे उत्तर एका उदाहरणाने देतो. कापडात इंचाला ८० उभे धागे आणि ६० आडवे धागे आहेत असे समजा. साध्या चौकटीच्या कागदावर ८० घरे रुंद आणि ८० घरे उंच असे वर्तुळ काढले, तर कापडावर ते १ इंच रुंद आणि सुमारे १.३३ इंच उंच उतरेल; म्हणजे वर्तुळाचे अंडे होईल. एक इंचाचे वर्तुळ हवे असेल तर ८० घरे रुंद आणि ६० घरे उंच असेच काढले पाहिजे. जाणता नक्षीकार हे हिशेब मनातल्या मनात करतो. सामान्य चित्रसाधनाला मात्र रंगाचा ठिपका कळतो. धागा कळत नाही.

दुसरी गोष्ट डॉबीची. १६ शाफ्टच्या डॉबीवर नक्षीत धागे कितीही असोत, त्यांच्या उठण्या-बसण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा १६ हून अधिक असता कामा नयेत. सतरावी तऱ्हा आली की नक्षी कागदावर सुंदर आणि मागावर अशक्य! तिसरी गोष्ट, धागा फार घरे मोकळा सुटला तर कापड अडकून फाटते. तेव्हा विशेष साधन म्हणजे धंद्याचे नियम जाणणारे साधन. सतरावी तऱ्हा येताच ते सांगेल, आणि वहिफणीचा कामगार धागे ओवायला बसण्यापूर्वीच चूक सापडेल.

ही कल्पना नवी नव्हे. फ्रान्समधील जॅकार्डने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच भोके पाडलेल्या पत्त्यांनी धागे उचलवले. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी 'स्केचपॅड' नावाचा कार्यक्रम रचला. पडद्यावर रेघा ओढाव्यात आणि त्या समांतर किंवा समान ठेवण्याचा नियम यंत्राने पाळावा, ही त्यातील मुख्य गोष्ट. त्याच दशकात आय. बी. एम. कंपनीतील जॅनिस लूरी या बाईंनी नक्षीवरून विणकामाच्या सूचना काढण्याची पद्धत बसवली आणि १९६८ साली सॅन अँटोनिओच्या प्रदर्शनात ती लोकांना पाहावयास मिळाली.

आता करवून घेण्याचा प्रश्न. डॉबी-जॅकार्डसाठी तयार साधने मिळतात. त्यांतले एखादे आपल्या कामाला पुरत असेल तर तेच घ्यावे. विहिरीला पाणी असताना दुसरी खणू नये. परंतु आपल्या मागांची किंवा मालाची काही खास गरज त्यात बसत नसेल, तर ठेक्याने कार्यक्रमकार नेमून प्रथम कच्चा नमुना करून घ्यावा.

नमुना हा शब्द आपल्याला समजावून सांगायला नको. पूर्ण बीम चढवण्यापूर्वी आपण चार मीटर कापड विणून पाहतो. ते विकण्यासाठी नसते; पोत कसा येतो या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी असते. कार्यक्रमाचा नमुनाही तसाच. त्याला एकच प्रश्न घालावा: 'आमच्या नक्षीकाराने काढलेल्या नक्षीवरून याला बरोबर ड्राफ्ट आणि पेग-प्लॅन काढता येतो का?' बिले, हिशेब, रंगीत सजावट हे सारे पुढे. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात असे बजावले आहे की पहिली रचना टाकून द्यावी लागणारच, तेव्हा ती तशी धरूनच चालावे. नमुना टाकून दिला म्हणजे पैसे बुडाले, असे म्हणूनच समजू नये. बुडतात ते नमुना न करता पुरे काम सांगणाऱ्याचे.

कारागिराला काम सांगताना कागदावर यादी देऊन भागत नाही. त्याला दोन दिवस नक्षीकाराच्या शेजारी बसवावे. नक्षीकाराचा हात जे जाणतो ते तोंडाने क्वचितच बाहेर पडते, आणि यादीत नेमके तेच राहून जाते. कामाची परीक्षाही आधीच ठरवावी. पूर्वी विणलेल्या तीन नक्ष्या निवडाव्यात: एक सोपी, एक किचकट आणि एक मुद्दाम १७ तऱ्हांची. पहिल्या दोहोंचा पेग-प्लॅन आपल्याजवळच्याशी जुळला आणि तिसरीला साधनाने हरकत घेतली, म्हणजे काम उतरले. नक्ष्या जुन्याच द्याव्यात. नव्या हंगामाची नक्षी कोणाच्या हाती देऊ नये.

मोबदल्याविषयी. उक्ते काम स्वस्त वाटते. पण जेथे काय निघेल हे दोघांनाही ठाऊक नसते, तेथे उक्ता दर घेणारा जोखमीचे पैसे आधीच धरतो आणि प्रत्येक बदलाला 'हे ठरले नव्हते' म्हणतो. यास्तव नमुन्यापुरता दिवसांचा दर, वर एकूण रकमेची मर्यादा आणि दर पंधरवड्याला प्रत्यक्ष काम पाहून हप्ता, ही रीत उभयतांना न्यायाची आहे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मालकीचा. आपल्याकडील खर्चीच्या कामात सूत व्यापाऱ्याचे, मजुरी पिकावर आणि कापड अर्थातच व्यापाऱ्याचे. पैसे दिले की कार्यक्रमही आपलाच झाला, असे म्हणून आपण सहज धरून चालतो. कायदा मात्र तसे म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा कार्यक्रम साहित्यकृतीत मोडतो. पगारी नोकराने नोकरीत लिहिलेल्या कृतीचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातो. पण स्वतंत्र ठेकेदाराने लिहिलेल्या कार्यक्रमाचा हक्क सामान्यतः त्याच्याकडेच राहतो, लेखी हस्तांतर होईपर्यंत. त्या लेखात मुदत घातली नाही तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता धरला जातो. म्हणून हक्क, मुदत आणि प्रदेश ही तिन्ही काम सुरू होण्यापूर्वीच लिहून घ्यावीत, आणि लेख वकिलाच्या नजरेखालून घालावा.

कागदाइतकीच वस्तूही ताब्यात हवी. कार्यक्रमाचा मूळ मजकूर आणि तो चालू कसा करावा याचे टिपण दर हप्त्याबरोबर घ्यावे. नक्ष्या उघड्या, वाचता येणाऱ्या स्वरूपात साठवाव्यात. हातमाग विणकरांच्या जगात १९९० च्या दशकापासून साध्या मजकुराचा असा एक ठराविक साचा प्रचारात आहे. कारागीर गाव सोडून गेला तरी आपली नक्षी अडकून पडता कामा नये.

श्रोतेहो, यात कारागिरावर अविश्वास नाही. त्याचे कौशल्य आपण विकत घेतो, तसे आपल्या नक्षीकाराचे वर्षानुवर्षांचे ज्ञान आपण त्याच्या हवाली करतो. ते ज्ञान परत आपल्याच गावी, आपल्या ताब्यात यावे, एवढीच खबरदारी. सूत मोजून देणाऱ्या आणि कापड मोजून घेणाऱ्या गावाला हे अवघड जाऊ नये.