सतरा जागा

गोव्यातल्या डिचोलीला येणारे पाहुणे नमाजगाह पाहून जातात. औरंगजेबाचा मुलगा अकबर संभाजीराजांच्या आश्रयाला होता त्या काळातली ती, असे सांगतात. मी मात्र मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजनंतर भरणाऱ्या मक्तबात, कुराण शिकवणाऱ्या शाळेत, जाऊन बसलो. शाळेत 'ढ' म्हणून ओवाळून टाकलेला ओळखीतला एक मुलगा तिथे तासभर रमतो, हे खरे वाटेना.

वजू, टोप्या, रेहालवर उघडलेला नूरानी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचे पुस्तक, आणि वीसेक मुलांचा गलका. प्रत्येकाचा सबक, म्हणजे धडा, वेगळा, म्हणून पुढचा मागच्यासाठी थांबत नाही.

"अरबी हरफ एकोणतीस, पण ते उच्चारायच्या जागा सतरा," शिकवणारे हाफिजसाब म्हणाले. घशात तीन, जिभेवर दहा, ओठांत दोन, तोंडाच्या पोकळीत एक, नाकात एक. त्या मुलाची नजर ओळीवर ठरत नव्हती. हाफिजसाबांनी कायदा मिटला आणि त्याचा तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवला. 'ऐन'ला गळा थरथरला, 'हा'ला नाही. पोराने लगेच स्वतःचा गळा चाचपला आणि दोन्ही हरफ चोख काढले. सतरातल्या सहा जागा त्याने अशा बोटांनीच शोधल्यात.

हॉवर्ड गार्डनरने १९८३ मध्ये बुद्धीचे सात प्रकार मांडले. तेव्हापासून मुलांना प्रकारांच्या चिठ्ठ्या चिकटवण्याचा छंद शिक्षणात बोकाळला. हाफिजसाबांकडे असला तक्ता नाही, आणि त्यांचे काही अडलेलेही दिसत नाही. ते एकेका पोराचे ऐकतात, एवढेच. छडी दिसली नाही. मारझोडीने मूल खोटे वागायला शिकते, हे इब्न खल्दूनने १३७७ च्या 'मुकद्दिमा'त लिहून ठेवले आहे.

मात्र अर्थाची उत्सुकता असलेल्या मुलांचे काय? आधी भाषा, मग कुराण, हा काझी अबू बक्र इब्नुल अरबींचा विचार इब्न खल्दूनलाही पटला होता. रूढी आड येते, असेही तो म्हणाला. इथेही तेच. पेडण्याहून सुट्टीत मामाकडे आलेली एक मुलगी कुराणातली 'सूरा फील', म्हणजे हत्तीची सूरा, म्हणता म्हणता थांबली.

"हाफिजसाब, पक्ष्यांनी दगड कुठले आणले?"

"पहले याद करो, बेटा."

ती गप्प बसेना. शेवटी त्यांनी हत्तीवाल्या फौजेवर पक्ष्यांनी दगड टाकल्याची सगळी गोष्ट सांगितली. दगड भाजलेल्या मातीचे होते, म्हणाले.

"म्हणजे कुंभाराच्या भट्टीतले?"

हाफिजसाब हसले आणि तिच्या वहीत सबकची तारीख घातली. वहीत रकाने दोनच: सबक आणि आमोख्ता, म्हणजे मागची उजळणी.