चौकोनी कंसांची उगाच धास्ती

मराठी विकिपीडियावर एखाद्या गावाचं पान उघडा. शेवटच्या परिच्छेदात जत्रेचा महिना चुकलाय, तेवढा दुरुस्त करायचा म्हणून ‘स्रोत संपादित करा’ दाबा. जत्रा राहते बाजूला. समोर येते महिरपी कंसांत कोंबलेली माहितीचौकट: अक्षांश, रेखांश, लोकसंख्या, पिनकोड, प्रत्येकाच्या आधी एक उभी रेघ आणि पुढे बरोबरचं चिन्ह. बरंच खाली उतरल्यावर साधी मराठी वाक्यं लागतात. तिथवर न जाता, ‘हे आपलं काम नाही’ म्हणून पान बंद करणारे पुष्कळ. विकीबद्दलचे बरेच गैरसमज या एका पडद्याचे आहेत.

गैरसमज: विकीची खूणभाषा म्हणजे प्रोग्रॅमिंग

व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा टाकून तो ठळक करता ना? ही खूणभाषा त्याच जातीची. मथळ्याला दोन्हीकडे दोन-दोन बरोबरची चिन्हं, ठळक अक्षरांना तीन-तीन एकेरी अवतरणं, दुव्याला दुहेरी चौकोनी कंस. रोजच्या लिखाणाला एवढं पुरतं.

मराठीत मात्र एक पायरी जास्त चढावी लागते. इंग्रजीत अनेकवचनाचा ‘एस’ कंसाबाहेर चिकटवला की भागतं. आपल्याकडे प्रत्यय लागण्याआधी नामच रूप बदलतं: पुणे-पुण्यात, नागपूर-नागपुरात. नुसतं [[पुण्यात]] लिहिलं तर दुवा लाल होतो, कारण त्या नावाचं पान नसतं. म्हणून [[पुणे|पुण्यात]]. रेघेच्या डावीकडे पानाचं नाव, उजवीकडे वाक्यात दिसणारा शब्द. शाळेत सामान्यरूप शिकलेल्या माणसाला यात अवघड काही नाही. त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं, इतकंच.

गैरसमज: बटणं दिली की लोक आपोआप लिहायला लागतील

विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनलाही अशीच आशा होती. जुलै २०१३मध्ये इंग्रजी विकिपीडियावर व्हिज्युअल एडिटर सरसकट सुरू झाला. पान वाचताना दिसतं तसंच लिहिताना दिसणार, वर बटणं, कंस गायब. जुन्या संपादकांनी आकाशपाताळ एक केलं: संथ चालतो, मजकुरात नको त्या खुणा घुसडतो. सप्टेंबरात तो मागे घेऊन ‘हवा त्याने सुरू करावा’ असा केला. नंतर त्यातले बरेच दोष दूर झाले. २०१५मध्ये नव्या सदस्यांचे दोन गट करून पाहिलं, एकाला हा एडिटर दिला, दुसऱ्याला नाही. एडिटरने नुकसान काही केलं नाही. पण तो मिळालेले सदस्य जास्त काम करू लागले किंवा जास्त टिकले, असंही दिसलं नाही.

मला याचं नवल वाटत नाही. नवखा माणूस अडतो तो दुसरीकडे: काय लिहू, संदर्भ कुठून आणू, लिहिलेलं कुणी उडवलं तर? मराठीत त्याही आधी कळफलक आडवा येतो. विकिपीडियाच्या लेखनचौकटीतच अक्षरांतराची सोय आहे. कंट्रोल आणि एम दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. आतून पाहिली तर ही बरीच प्रगत सोय, पण नवख्याला तिच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. व्हिज्युअल एडिटरवर माझा राग आहे असं नाही. तक्ते मी त्यातच करतो. खूणभाषेत तक्ता करण्याची हौस कधीच फिटली.

गैरसमज: प्रगत सोयी नवख्यांच्या मुळावर येतात

पुन्हा त्या माहितीचौकटीकडे येऊ. ती एका साच्यातून आलेली असते. साचा नसता तर प्रत्येक गावाच्या पानावर कुणीतरी वेगळा तक्ता आखला असता, आणि रंग बदलायचा झाला तर शेकडो पानं उघडावी लागली असती. आता एक साचा बदलला की सगळी पानं बदलतात.

एके काळी ‘पिनकोड दिला असेल तरच ती ओळ दाखव’ एवढं सांगायलाही साच्यात साचा घुसवण्याची कसरत करावी लागे. एप्रिल २००६मध्ये विकिपीडियाचे प्रोग्रॅमर टिम स्टार्लिंग यांनी पार्सर फंक्शन्स आणली आणि अट घालणं सोपं झालं. मग त्यांचंही जंगल माजलं, मोठी पानं जतन व्हायला वेळ लागू लागला, तेव्हा २०१३मध्ये लुआ ही खरीखुरी प्रोग्रॅमिंगची भाषा साच्यांमागे आली. लेख लिहिणाऱ्याला यातलं काही दिसलं नाही. तो अजून पिनकोडाच्या रेघेपुढे पिनकोडच लिहितो.

म्हणजे गुंतागुंत कुठे गेली नाही, ती साचा बांधणाऱ्याच्या डोक्यावर बसली. त्याने तिथे कुचराई केली की ती खाली उतरते. व्हिज्युअल एडिटरमध्ये साच्यावर क्लिक केलं की भरायचा अर्ज उघडतो खरा, पण कोणत्या रकान्यात काय भरायचं हे साच्यासोबत टेम्प्लेटडेटात कुणी लिहून ठेवलं असेल तरच तो कळतो. नसेल तर नुसते रिकामे चौकोन.

गैरसमज: पहिला विकी साधा होता, म्हणून तो सोपा होता

वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ला पहिला विकी खुला केला. नाव घेतलं होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून. हवाई भाषेत त्याचा अर्थ झटपट. नोंदणी नाही, परवानगी नाही. पण आजच्यासारखा प्रत्येक बदलाचा इतिहासही नव्हता. २००१ साली विकिपीडिया सुरू झाला तो यूजमॉडविकी या सॉफ्टवेअरवर, आणि त्यातही जुन्या आवृत्त्या काही काळाने पुसल्या जात. आज जत्रेचा महिना तुम्ही चुकीचा घातलात तरी ‘इतिहास’ उघडून तो परतवता येतो. धीर येतो तो यामुळे, आणि ही सोय मागाहून घडवावी लागली.

गैरसमज: सगळ्यांत मोठं साधन घ्यावं, पुढे कामी येतं

आमच्या गिर्यारोहण मंडळाच्या नोंदींसाठी मीच हट्टाने, विकिपीडिया ज्यावर चालतो तो मीडियाविकी बसवला. पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारलं, हिशेबाची पानं फक्त खजिनदाराला दिसतील ना? मीडियाविकी मुळात सगळ्यांनी सगळं वाचावं म्हणून बांधलेला आहे. पानागणिक वाचण्यावर बंदी घालणं त्याच्या स्वभावात नाही, आणि तशी सोय देणाऱ्या जोडण्यांवर भिस्त ठेवू नका, असं त्याची कागदपत्रंच बजावतात. हे मी आधी वाचायला हवं होतं. शेवटी डोकूविकी घेतला. त्याला डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे एक साधी मजकुराची फाइल, आणि कुणी काय पाहावं हे ठरवण्याची सोय अंगचीच. गडांवरच्या पाण्याच्या टाक्यांच्या नोंदी आता त्यात आहेत. हिशेब मात्र खजिनदाराने वहीतून बाहेर काढलेला नाही.