रजिस्टरची रुंदी वाढविताना जुन्या व्यवहाराचे रक्षण

आदिलाबादच्या रस्त्यांवर आज तीन प्रकारच्या क्रमांकांची वाहने दिसतात. आंध्र प्रदेशाच्या काळात नोंदलेल्या वाहनांवर ‘एपी ०१’, २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य स्थापन झाल्यानंतरच्या वाहनांवर ‘टीएस ०१’ आणि मार्च २०२४ पासून नोंदलेल्या नव्या वाहनांवर ‘टीजी ०१’ अशी अक्षरे आढळतात. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तरी ०१ हा अंक आदिलाबादकडेच राहिला. पद्धत बदलली, परंतु जुना क्रमांक ओळखण्याची सोय राहिली. ती नसती, तर काहीही चूक नसताना जुन्या वाहनाचा मालक अडचणीत आला असता.

संगणकाच्या अंतरंगातही असाच प्रश्न उभा राहतो. एकाच मोठ्या संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक असल्याप्रमाणे काम चालविण्याच्या पद्धतीत अशा प्रत्येक भागास आभासी यंत्र म्हणतात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘मेघराज’ सेवेतून शासकीय विभागांना अशी यंत्रे उपलब्ध होतात. लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, ही सोय ‘केव्हीएम’ या नावाने फेब्रुवारी २००७ पासून आहे.

रजिस्टर म्हणजे येथे कार्यालयातील नोंदवही नव्हे, तर प्रक्रियकातील अगदी लहान नोंदकोठा होय. ३२ बिटांच्या कोठ्यात ४,२९,४९,६७,२९६ निरनिराळी मूल्ये मांडता येतात. ती अपुरी पडू लागली की कोठा ६४ बिटांचा करावा लागतो. आभासी यंत्र एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना, ते चालविणारा प्रोग्राम हे कोठे कर्नेलकडून वाचून घेतो आणि नव्या ठिकाणी जसेच्या तसे भरतो. हा प्रोग्राम पुष्कळदा कर्नेलपेक्षा जुना असतो. अडचणीचे मूळ येथेच आहे.

जुन्या प्रोग्रामने उत्तरासाठी ४ बाइटांचीच जागा राखलेली असते. कर्नेलने तेथे ८ बाइट लिहिले, तर शेजारची माहिती पुसली जाते. उलट, प्रोग्रामने ४ बाइट दिले असता कर्नेलने ८ वाचले, तर कोठ्याच्या वरच्या अर्ध्या भागात असंबद्ध मूल्य शिरते. जुनी मागणी सरळ नाकारल्यास जतन केलेले यंत्र पुन्हा सुरूच होत नाही, आणि त्यावर अवलंबून असलेली सेवा थांबते.

यावरील उपाय साधे, परंतु काटेकोर आहेत. केव्हीएममध्ये अशा रीतीने वाचल्या जाणाऱ्या रजिस्टरच्या ओळखक्रमांकातच त्याची रुंदी नमूद असते. म्हणून ३२ बिटांचा जुना क्रमांक कायम ठेवून ६४ बिटांसाठी वेगळा क्रमांक देता येतो. जुन्या मागणीस खालचा अर्धा भाग द्यावा; जुन्या मार्गाने मूल्य लिहिले गेल्यास वरच्या भागाचे काय करावयाचे, हेही आधीच निश्चित असावे. आर्म प्रक्रियकांच्या ‘जीआयसीव्ही३’ या व्यत्यय-नियंत्रकासाठी आणखी एक मार्ग स्वीकारलेला आहे. त्याच्या वितरक भागातील ६४ बिटांचे रजिस्टर खालचा व वरचा असे दोन अर्धे भाग करून ३२-३२ बिटांनी वाचले जाते. कोठा रुंद आहे, पण व्यवहाराचे माप बदललेले नाही.

कर्नेलमधील सुधारणेमुळे चालू असलेला प्रोग्राम बंद पडता कामा नये, हा नियम लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी कटाक्षाने पाळला आहे. बदल करणाऱ्याला जुनी रीत ठाऊक असते. जुन्या प्रोग्रामला नवी रीत ठाऊक असणे शक्य नसते. म्हणून जुळवून घेण्याची जबाबदारी बदल करणाऱ्याचीच ठरते. कार्यालयातील नमुने, दाखले व क्रमांक बदलतानाही हे तत्त्व ध्यानी ठेवल्यास, जुना कागद घेऊन आलेल्या ग्रामस्थास रिकाम्या हाताने परतावे लागणार नाही.